पिंजऱ्यातला तित्तर

परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आजी, इंग्रजीत आमिषाला ल्युअर, बेट, डिकॉय इतके शब्द, त्यांत फरक काय? आणि भुलवण्याचे एन्टाइस आणि टेम्प्ट वेगळे कसे?" मी सवयीने म्हटलं, "डिक्शनरी उघड." तू उघडलीस आणि कुरकुरलीस, की डिक्शनरी ल्युअर म्हणजे एन्टाइस सांगते आणि एन्टाइस म्हणजे ल्युअर. धाकटा मागून हसला. मला हसू आलं नाही. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण या शब्दांतला फरक मला नीट कळला तो या हिवाळ्यात, शेजारच्या टोमॅटोच्या रानात आणि तासगावकडच्या एका घराच्या मोरीपाशी. फोनवर सांगण्यासारखं ते नाही, म्हणून तुम्हा दोघांसाठी लिहून ठेवते.

शेजार तुम्हाला माहीत आहे. कराडच्या अलीकडे रस्त्याला लागून आपलं घर आणि कुंपणापलीकडे त्यांचं. मे महिन्यात तुम्ही आला होतात तेव्हा ज्याच्या ट्रॅक्टरवरून धाकटा खाली उतरायला तयार नव्हता, तो तिथला मुलगा. मुलगा म्हणते, पण पस्तिशीकडे झुकला आहे. ऊस करतो, टोमॅटो करतो, व्यसन कसलं नाही, आईवर आवाज चढवत नाही. तरी लग्न जमत नव्हतं. आमच्याकडे आता शेती करणारा मुलगा म्हटला की मुलीकडचे चहा पिऊन उठतात. त्याच्या बरोबरीचे जे फौजेत गेले त्यांची मुलं शाळेत जायला लागली, आणि हा अजून प्रत्येक लग्नसराईत दुसऱ्याच्या वरातीला ट्रॅक्टर घेऊन हजर. त्याची आई मला बाई म्हणते. मी तिला वहिनी म्हणते. तिचं सगळं बोलणं हल्ली त्या एका विषयावर येऊन थांबायचं.

एकदा सकाळी मी कुंपणाशी कढीपत्ता तोडत होते, तर तो रानात बांबूच्या काठ्या रोवून त्यांना पिवळी नरसाळी बांधत होता. प्रत्येक नरसाळ्याखाली लांब प्लॅस्टिकची पिशवी.

"हे काय रे आता?"

"कामगंध सापळा, बाई. टोमॅटोवरच्या अळीसाठी." त्याने पाकिटातून एक छोटी रबरी गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "आन् ह्येला ल्युअर म्हणत्यात. तुमच्याच भाषेतला शबुद हाय. मादीचा वास असतोय ह्येला. नर पतंग येतोय, फिरफिर फिरतोय आन् पडतोय पिशवीत. नरच न्हाई, तर अंडी कुठनं आन् अळी कुठनं?"

मी गोळी नाकाशी धरली. कसलाही वास नव्हता. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मी म्हटलं, "दुकानदाराने फसवलं तुला. याला वासच नाही."

तो हसला. "आवं बाई, तुमच्यासाठी हाय व्हय ती? ज्येच्यासाठी हाय त्येला बरोबर येतोय वास. हात धुवा आता."

हात धुताना माझ्या डोक्यात आलं, उंदराच्या सापळ्यात आपण भजं लावतो ते खरं असतं. उंदीर अडकतो, पण एक घास त्याच्या तोंडी पडलेला असतो. ते बेट. या गोळीत मादी नाहीच. आहे तो फक्त तिच्या असण्याचा भास, आणि तोही ज्याला हवा त्यालाच कळणारा. तो ल्युअर. एवढा फरक मनाशी पक्का करून मी कढीपत्ता घेऊन घरात आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका दुपारी फाटकाशी एक माणूस आला. डोक्याला टोपी, पायांत स्वच्छ बूट, हातात काही नाही. "पाणी मिळंल का, आजी?" मी तांब्या दिला. तो पाणी प्यायला, पण लक्ष पाण्याकडे नव्हतं. रस्त्याकडच्या आपल्या दोन खोल्या, ज्यांत तुमच्या बाबाचं कॉलेजातलं सामान आहे, तिकडे त्याचे डोळे लागले होते.

"ह्या खोल्या मोकळ्याच का?"

"नाहीत."

"कुलूप दिसतंय."

"कुलूप आहे म्हणजे आत काहीतरी असणारच."

"पोरंबाळं कुठं असतात?"

"बाजारात गेलीत, येतीलच एवढ्यात," मी सांगितलं. तुम्ही दोघं त्या वेळी पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला झोपला असाल. तांब्या परत देऊन तो निघाला, पण सरळ फाटकाकडे गेला नाही. भिंतीच्या कडेने पावलं टाकत, जणू लांबी मोजत गेला. जाता जाता त्याने खोलीच्या दाराची चौकट बोटाने वाजवून पाहिली. मी संध्याकाळच्या आत कराडहून नवं कुलूप आणलं आणि शेजारी सांगून ठेवलं, "असा असा माणूस दिसला तर मला हाक मारा." वहिनी नुसत्या "व्हय, व्हय" म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. एरवी असं काही कळलं असतं तर तासभर हलल्या नसत्या. तेव्हाच माझ्या मनात काहीतरी खटकायला हवं होतं. नाही खटकलं, कारण माझा सगळा संशय त्या टोपीवाल्यावर खर्च झाला होता.

मग स्थळ आल्याचं मला कळलं. लग्नं जुळवणारा एक मध्यस्थ घेऊन आला. मुलगी तासगावकडची, बापाची द्राक्षबाग, मुलगी लॅबचं शिकलेली, रक्त-लघवी तपासायचं. वहिनी आनंदाने रडवेल्या होऊन मला सांगायला आल्या.

"बाई, पोरीकडचं काय बी मागत न्हाईत. म्हणत्यात, तुमी म्हणाल तसं."

"शिकलेली मुलगी आणि काहीच मागत नाहीत?" मी विचारलं. "वहिनी, जपून. आठवडाभर नांदून दागिन्यांसकट नाहीशा झालेल्या नवऱ्या मुलींच्या गोष्टी कानावर येतात ना तुमच्या?"

"म्हणूनच तर तुमी चला आमच्यासंगं. तुमच्या नजरंतनं कोण सुटायचं न्हाई. ती पांढरी, निळ्या काठाची साडी नेसा. तुमी नुसत्या म्होरं बसा. बोलायची काय गरज न्हाई."

तुझ्या यादीत नसलेला एक शब्द इथे लिहिते: इन्व्हेगल. गोड बोलून, मान देऊन एखाद्याला नको त्या कामाला जुंपणं. मी वर्गात त्याचा वाक्यात उपयोग करून दाखवायचे. त्या दिवशी मी ती साडी इस्त्रीला दिली आणि मला तो शब्द आठवला नाही.

रविवारी जीपने निघालो. मध्यस्थ पुढे, मागे वहिनी, मी आणि मुलगा. नव्या शर्टाची कॉलर त्याला टोचत होती. गाव जवळ आल्यावर मी गाडी एका किराणा दुकानापाशी थांबवायला लावली. मुलगी बघायला जाताना गावाच्या तोंडाशी थांबून चौकशी करायची, ही आपल्याकडची पद्धत. मी काडेपेटी घेतली आणि दुकानदाराला सहज विचारल्यासारखं त्या घराबद्दल विचारलं.

"पोरगी गुणाची हाय, मावशी. बाप सरळ. मिरजंला दवाखान्यात नोकरी बी लागलीया तिला."

गाडीत बसताना मी मुलाला म्हटलं, "फारच भरभर सांगितलं. शिकवून ठेवलेला दिसतोय."

"बाई, तुमी काडेपेटीवर बी संशय घ्याल," तो म्हणाला. मी काडेपेटी उघडून पाहिली. भरलेली होती.

घर साधं, सारवलेलं अंगण, ओट्यावर द्राक्षाच्या रिकाम्या पेट्या. बाप कमी बोलणारा, हात जोडून उभा. आम्हाला पाहुण्यांच्या खोलीत बसवलं, आणि खुर्चीवर टेकते न टेकते तोच मी समोर पाहिलं. टोपी, स्वच्छ बूट. पाणी प्यायला आलेला तो माणूस.

ही सगळी टोळीच असणार. आधी घर बघून जायचं, मग मुलगी पाठवायची. मी पर्स घट्ट धरली. तो मात्र मोकळेपणी हसला.

"ओळखलं का, आजी? पाणी प्यालो होतो तुमच्याकडं. मी पोरीचा मामा. रागावू नका. घर बघितल्याबिगर पोरगी कशी द्यायची?"

वहिनींना पोह्याचा ठसका लागला. मध्यस्थ घाईघाईने म्हणाला, "द्राक्षाला यंदा दर कसा हाय म्हणायचा?" बाप काहीतरी बोलला. मी विचार करत राहिले. मुलाचं घर बघायचं तर कुंपणापलीकडे जायचं. हा माझ्या भिंती का वाजवत होता?

मुलगी आली. सावळी, सडसडीत, मान खाली घालून बसणारी नव्हती. चहा देताना तिने त्याच्याकडे एकदाच पण नीट पाहिलं. तिला कोणी काही विचारायच्या आत मध्यस्थ माझ्याकडे हात करून म्हणाला, "ह्या बाई. एवढं शिक्षण, एवढं घर, तरी बघा किती साध्या." सगळी खोली माझ्याकडे बघून मान डोलावू लागली. नवऱ्या मुलाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. हात धुवायचं निमित्त करून मी मागच्या मोरीकडे गेले. मुलगी टॉवेल घेऊन पाठोपाठ आली.

"आजी, एक विचारू का? त्या खोल्यांना पाण्याची लाइन आहे ना? लॅबला बेसिन लागतं."

"कुठल्या खोल्या?"

"रस्त्याकडच्या. तुमच्या." ती थांबली. माझा चेहरा वाचायला तिला वेळ लागला नाही. "मामा बघून आले. मध्यस्थांनी सांगितलंय की मुलगा तुमच्याजवळच राहतो, सगळं तोच बघतो, घर पुढे त्याच्याच नावावर होणार. तुमची मुलं-नातवंडं परदेशात, ती काही परत येणार नाहीत म्हणून. बायोडेटात फोटो पण होता, तुमच्या खुर्चीमागे उभा आहे तो."

तो दिवाळीचा फोटो. वहिनींनीच काढला होता. "घ्या, एक आठवण राहू द्या," म्हणाल्या होत्या.

"आणि मिरजेची नोकरी?" मी विचारलं.

"उद्या कळवायचंय, येते की नाही ते. घरचे म्हणतात, स्वतःची लॅब मिळतेय तर दुसऱ्याच्या दवाखान्यात कशाला? मला पण..." तिने टॉवेलची घडी केली, मोडली, परत केली. "मला पण तेच वाटायला लागलं होतं. पाटीवर काय लिहायचं तेसुद्धा ठरवलं मी."

मी लहान असताना औंधच्या माळावर एक माणूस तित्तर धरायला यायचा. त्याच्याजवळ पिंजऱ्यात पाळलेला एक तित्तर असे. पिंजरा झुडपात ठेवून तो भोवती फास मांडायचा आणि लांब जाऊन बसायचा. पाळलेला ओरडू लागला की माळावरचे तित्तर धावत यायचे आणि फासात पाय अडकायचा. त्या पाळलेल्याला कोणी काही शिकवलेलं नसतं. तो आपला आपल्या आवाजात ओरडतो. बेट बोलत नाही, ल्युअरला जीव नसतो. डिकॉय मात्र जिवंत असतो, येणाऱ्याच्या जातीचा असतो, आणि पुष्कळदा त्यालाच ठाऊक नसतं की तो कशासाठी बसवला आहे. मोरीपाशी, ओल्या हातांनी, निळ्या काठाच्या साडीत मी उभी होते. सकाळपासून सगळ्यांवर संशय घेतला होता. पिंजऱ्यात मीच होते.

मी तिला म्हटलं, "जरा थांब. आत जाऊ नकोस," आणि ओट्यावरून मुलाला खूण करून बोलावलं.

"माझ्या खोल्यांत लॅब निघणार आहे, हे तुला माहीत आहे?"

त्याचा चेहरा उतरला. "लॅबचं न्हाई ठाऊक, बाई. फोटूचं ठाऊक हाय. आई म्हणली, बाईंना इच्यारलंया."

"बाईंना कोणी विचारलेलं नाही. ही मुलगी उद्या नोकरीला नाही म्हणून कळवणार आहे. तू सांगतोस की मी सांगू?"

त्याची भीती मला दिसत होती. पुन्हा उठून जाणारे पाहुणे, पुन्हा आईचं रडणं. मग त्याने कॉलरचं बटण काढलं आणि आत गेला. बसला नाही. उभ्यानेच बोलला.

"मामा, बाई आमच्या शेजारी हायेत. नात्याच्या न्हाईत. घर त्यांचं, त्यांच्या पोराबाळांचं. माझं त्यात काय बी न्हाई. मी ऊस करतो आन् टमाटं करतो. घर हाय, दोन म्हशी हायेत. एवढंच."

सगळे एकदम बोलू लागले. मामा टोपी आपटून उठला, "म्हणजे आमाला खेळवलं व्हय रं?" मध्यस्थ म्हणत होता, "तसं न्हाई, तसं न्हाई, बाईंच्या मनात हायेच द्यायचं." त्याचं ते बोलणं म्हणजे एन्टाइस. समोरच्याला नेमकं काय हवं आहे ते हुडकून काढायचं आणि त्याच वाटेने, एकेक शब्द पुढे टाकत, त्याला चालवत न्यायचं. उघडं पडल्यावरही त्याची जीभ त्याच वाटेने चालली होती. मी म्हटलं, "माझ्या मनात काय आहे ते माझ्या तोंडून ऐका. असं काही नाही." मुलीच्या बापाने फक्त हात जोडले आणि दाराकडे पाहिलं.

परतीच्या वाटेवर वहिनी आधी रडल्या, मग भडकल्या.

"आवं बाई, समदीच सांगत्यात! कोण दुसऱ्याचा ट्रॅक्टर दावतंय, कोण पुण्यातली नोकरी दावतंय. मी एक फोटू दावला तर काय आभाळ कोसळलं? तुमचं काय जातंय? तुमची पोरं लागली मार्गाला. उडून बी गेली."

"आई, गप," मुलगा म्हणाला.

"गप का? खोटं हाय का? कोण येणार हाय त्या घरात?"

वहिनींचं हे बोलणं तुमच्यापासून लपवावं असं मला वाटत नाही. तुम्ही परत येणार नाही, हा त्या आमिषाचा एक भाग होता. तो भाग तेवढा कोणाला खोटा वाटला नव्हता.

बरेच दिवस कुंपणापलीकडून हाक आली नाही. मुलगा दिसला तर मान हलवायचा. मग एके दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी असे फोन घेत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला आणि काहीच न बोलता कानाला लावून ठेवला.

"आजी, मी मिरजेहून बोलतेय. नोकरीवर हजर झाले." मग म्हणाली, "एक खरं सांगाल? ते स्वतःहून बोलले, की तुम्ही बोलायला लावलं?"

एक गोड वाक्य जिभेवर तयार होतं. मला तो मुलगा आवडतो, त्याचं लग्न व्हावं असं वाटतं. टेम्प्ट यालाच म्हणतात. बाहेर कोणीच उभं नसतं, आपली आपल्यालाच ओढ लागते. मी म्हटलं, "मी लावलं. तू सांग नाहीतर मी सांगते, असं म्हटलं. पण उभं राहून, आईसमोर, एकही शब्द न वाढवता तो बोलला ते त्याचं स्वतःचं."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी ती आली. बापाला घेऊन, मिरजेहून रेल्वेने कराड आणि तिथून रिक्षाने. आधी माझ्याकडे आली नाही. सरळ कुंपणापलीकडे गेली. वहिनींना काय करावं सुचेना, त्या चहा ठेवायचा सोडून मलाच बोलवायला धावल्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्या दारात आल्या होत्या. "चला बाई. आता जी नेसलाय तीच साडी ऱ्हाऊ द्या."

मी गेले तेव्हा मुलगी टोमॅटोच्या सऱ्यांमधून हिंडत होती. गोठा पाहिला, विहीर पाहिली, मोटार चालू करायला लावली. अगदी मी बघावं तसं बघत होती. तिचा संशय मला आवडला. पिवळ्या नरसाळ्यापाशी येऊन थांबली.

"हे काय?"

त्याने सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, पण जास्त अडखळत. त्याने गोळी काढून तिच्या हातावर ठेवली आणि तिने नाकाशी नेली.

"याला वासच नाही."

"आपल्याला येत न्हाई. ज्येच्यासाठी असतोय त्येलाच येतोय."

ती पिशवीत पडलेल्या पतंगांकडे वाकून पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला लॅबचा आला होता, आजी."

तो ओशाळला. तिने गोळी जागच्या जागी बसवली आणि हात धुवायला पाणी मागितलं. ओल्या हातांनीच त्याला म्हणाली, "मी नोकरी सोडणार नाही. हे आधीच सांगून ठेवते. पुढच्या रविवारी तुम्ही मिरजेला या. एकटे. मी काम कुठे करते ते बघा, मग बोलू."

"येतो की," तो म्हणाला. "गाडी कवा असती?"

जाताना ती निरोप घ्यायला माझ्या फाटकाशी आली. रस्त्याकडच्या खोल्यांवरून तिची नजर गेली, नव्या कुलपावर क्षणभर थांबली आणि पुढे गेली. तिने काही विचारलं नाही. किल्ली माझ्या कमरेला होती. खरं तर फोन आला त्याच दिवशी मी तुमच्या बाबाला विचारलं होतं, की ते सामान वरच्या खोलीत हलवून या खोल्या भाड्याने दिल्या तर चालेल का. तो म्हणाला, "आई, घर तुझं आहे."

त्या खोल्यांना पाण्याची लाइन आहे, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. त्या मुलाला हो म्हणायचं की नाही, हे तिचं अजून ठरलेलं नाही. ते ठरू दे, कुठल्याही बाजूने. त्याआधी किल्ली पुढे केली तर खोल्या खऱ्या असल्या तरी ते बेटच.

"नीट जा," एवढंच मी म्हटलं. ती रिक्षात बसली. पलीकडे वहिनी कुंपणावरून माझ्याकडे बघत होत्या, मी तिला काय सांगितलं असेल याचा अंदाज घेत.